पाणी उतरताना

ती हसली, पण एक वाक्य आधी. तसं पाहिलं तर गोष्ट क्षुल्लक. वरच्या मजल्यावरचे मास्तर वर्तमानपत्र परत करायला आले होते, म्हणजे चहाला आले होते, आणि मी त्यांना विम्याच्या कचेरीतल्या लिफ्टची गोष्ट सांगत होतो. ही माझी हातखंडा गोष्ट. सात मजल्यांची इमारत. लिफ्ट दुरुस्त करून मी चाचणीसाठी एकटाच आत शिरतो, सर्वांत वरचं बटण दाबतो, आणि लिफ्ट सातव्याला न थांबता आणखी वर जाते. दार उघडतं तर समोर आठवा मजला. टेबलं, खुर्च्या, खाली माना घालून बसलेले कारकून. त्यातला एक मान वर न करता हात झटकतो आणि म्हणतो, 'उद्या या.' इथे लोक हसतात. जे हसत नाहीत त्यांना मी पुन्हा गोष्ट सांगत नाही. पण त्या दिवशी मास्तरांचा गंभीर चेहरा बघून मला खोडी सुचली आणि कारकुनाच्या आधी मी दाराशी एक झोपलेला शिपाई बसवला. त्याला उठवायला गेलो तर त्याने माशी हाकलावी तसा हात झटकला, असं मी हात झटकून दाखवलं, आणि ओट्याशी उभी असलेली माझी बायको खळखळून हसली. कारकून अजून बोलला नव्हता. कारकून अजून गोष्टीत आलाच नव्हता.

"वहिनी, थांबा की जरा, विनोद अजून वाटेत आहे," मास्तर म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघून तसंच गोड हसून चहा पुढे केला. "पाठ झाल्यात त्यांना तुमच्या थापा," मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले. मी पण हसलो. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. लिफ्ट मजल्याशी अगदी नेमकी न थांबता दोन बोटं खाली थांबते ना, तसं. उतरणाऱ्याला ते दिसत नाही. तो पाय टाकतो आणि ठेचकाळतो, आणि मग उगीचच स्वतःच्या चपलेकडे बघतो. मी सगळा जन्म ही दोन बोटं दुरुस्त करत काढला आहे, आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात मी चपलेकडे बघत बसलो होतो.

लोक मला थापाड्या म्हणतात ते चूक आहे. मी वस्तुस्थितीला जरा वर नेतो. धंदाच तो होता माझा. आणि वर नेलेली प्रत्येक गोष्ट आधी तिच्यापुढे उभी राहायची. ती शिवणाच्या मशीनवर वाकलेली असायची. ती कपडे नवे शिवत नसे, लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची. बारीक झालेल्यांचे आत घ्यायची, सुटलेल्यांचे सैल करायची. मी दारातूनच सुरू करायचो, "आज काय झालं माहितीये?" ती मशीनचा पायटा थांबवायची नाही, नुसता वेग कमी करायची. त्या वेगावरून मला कळायचं गोष्ट कुठे पातळ आहे. मशीन पुन्हा जोरात धावायला लागलं की समजायचं, इथे काप. पूर्ण थांबलं की समजायचं, इथे जपून, इथे ती तुझ्याबरोबर आहे. तिने तोंडाने कधी मत दिलं नाही. फार तर म्हणायची, "बरं, आणि मग त्या मेल्याने काय केलं?" त्या एका 'मग'साठी मी किती मजले चढलो असेन.

पाणी पायांपासून चढतं. हे मला तिच्या पायांनी शिकवलं. संध्याकाळी मोजे काढले की रबराची खूण राहायची, ती सकाळपर्यंत जाईना. मग घोटे बुजले. घोट्याचं हाड हे किती देखणं हाड असतं ते ते दिसेनासं झाल्यावर कळतं. नडगीवर अंगठा दाबला तर ओल्या मातीत पडावा तसा खळगा पडायचा, आणि मी तो भरून येईपर्यंत बघत बसायचो, ती म्हणायची, "झालं का तुमचं विहीर खणून?" मग आडवं झालं की खोकला यायला लागला. एक उशी, दोन उशा, मग पलंग सुटला आणि ती खुर्चीत बसून झोपू लागली, खिडकी उघडी टाकून, तोंड वर करून, पाण्याखालून वर यायला बघणाऱ्या माणसासारखी. बसल्या बसल्या बुडत होती ती, कोरड्या खोलीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाचा पंप थकला आहे, पुढे ढकलायचं ते मागे साचतं. मला पटकन कळलं. मोटर थकली की डबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो. आतली माणसं मात्र मोटरीला नाही, दाराला लाथा घालतात.

त्यावर गोळी आली, पाण्याची. दिसायला शर्टाच्या बटणाएवढी, पण काय बाई होती ती! सकाळी घ्यायची, आणि मग दुपारपर्यंत घरात दुसरा विषय नाही. मूत्रपिंडांना दटावून ती अंगातलं मीठ बाहेर काढते आणि मिठामागून पाणी जातं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मी मास्तरांना सांगताना त्यात दोन बादल्या वाढवल्या. पण खरंच, आठवडा लोटला नाही तोच घोटे परत आले. तिने आपल्या कपड्यांच्या कमरेला दोन-दोन हूक लावून घेतले, एक बाहेरचा, एक आतला. "हे पाण्याचे दिवस, हे कोरडे दिवस," म्हणायची. सकाळी कुठला हूक लागतो त्यावर दोघांचाही दिवस ठरायचा. बाहेर पडायचं तर शहराचा एक निराळाच नकाशा तिच्या डोक्यात असायचा: कुठल्या दुकानात मोरीचं विचारता येतं, कुठल्या बँकेत आत सोडतात, कुठल्या वाचनालयातल्या बाई कपाळाला आठ्या घालतात. पोटऱ्यांत गोळे यायचे; पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं म्हणे. तेव्हा डॉक्टरीणबाई केळी खा म्हणाल्या. पुढे एक दुसरी गोळी जोडली, ती पोटॅशियम राखून ठेवणारी, तेव्हा केळी बंद म्हणाल्या, आणि मास्तरांनी मोठ्या मायेने आणून दिलेलं ते आजाऱ्यांचं खास मीठही बंद, कारण त्यात तेच भरलेलं. ते जास्त झालं तरी हृदय अडखळतं. "म्हणजे कमीही नको, जास्तही नको," ती म्हणाली, "अगदी माझ्या सासूबाईंसारखंच की."

मागच्या थंडीत तिच्या छातीत जंतू शिरले. पुन्हा रुग्णालय. एका हातात जंतूंवरचं इंजेक्शन, दुसऱ्यात पाण्याचं, गोळीपेक्षा कितीतरी जोरकस. दोन्ही औषधं तिला वाचवायला आली होती, आणि त्यांनी वाचवलंही. माझं कुणाशी भांडण नाही. ती घरी आली, आतला हूक लागला, पलंगावर आडवी झोपली. आणि मग एका दुपारी म्हणाली, "अहो, तुमची लिफ्ट गुणगुणतेय."

"कुठली लिफ्ट?"

"कुठली काय, आपल्या इमारतीची. सकाळपासून एकच सूर लावून बसलीय मेली."

मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. आता, लिफ्टचा मेकॅनिक कानावर जगतो. दोर घासतो तो आवाज वेगळा, ब्रेक धरतो तो वेगळा, बेअरिंग कोरडं पडलं की रडतं ते वेगळं. मी रस्त्यावरून जाताना अनोळखी इमारतीचं दुखणं ओळखत असे. आणि माझ्या डोक्यावरची मोटर गुणगुणते ती मला ऐकू येत नाही आणि हिला येते? मला भीती वाटली ती माझ्या कानांची. म्हातारपण आधी कुठून शिरेल ते सांगता येत नाही, धंद्याच्या जागेवरून शिरलं असं वाटलं. कुणाला काही न बोलता तेलाचा डबा घेतला, गुडघे कुरकुरत असताना गच्चीवरच्या मोटरीच्या खोलीत गेलो. झाकण काढलं, बेअरिंगला ग्रीस भरलं, ब्रेकचे पट्टे पुसले, दोरांवर तळवा ठेवून थरथर चाचपून पाहिली. मोटर तान्ह्या बाळासारखी शांत. तरी नट आवळले. काळे हात घेऊन खाली आलो आणि विचारलं, "आता?" तिने मान कलती केली, डोळे मिटले. माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाली, "गेला बघा सूर. अजून हात आहे तुमच्यात." मी तो दिवस तरंगत होतो. मास्तरांना सांगितलं, बायकोला मोटरीचा रोग घरबसल्या कळतो. तो सूर तिच्या कानाच्या आत होता, आणि तिथे पोचेल असा तेलाचा डबा माझ्याकडे नव्हता, हे त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. किंवा एकालाच माहीत नव्हतं.

ती एक वाक्य आधी हसली त्याच्या दुसऱ्या दिवशी वाटाणे सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि हॉटेलातल्या लिफ्टची गोष्ट काढली. त्यातला मालक भलता चिक्कू. लिफ्टमध्ये अडकलेल्या गिऱ्हाइकांना तेवढ्या वेळाचंही खोलीभाडं लावतो. तो भाडं सांगतो तेव्हा मी दोन बोटं नाचवतो, आणि त्यावर ती म्हणते, 'चिक्कू मेला!' हे ठरलेलं. मी बोटं नाचवली, तोंडावर तेच हसू ठेवलं, आवाजाची तीच लकेर, आणि म्हणालो, "तर मालक मला म्हणतो, तुझ्या बायकोला ऐकू येत नाही, आणि तुला ते कळलंसुद्धा नाही."

"चिक्कू मेला!" ती म्हणाली, आणि एक शेंग फोडली.

मी थांबलो नाही. आता नवल वाटतं, पण मी ती गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, एकही शब्द न बदलता, कारण मध्येच थांबलो असतो तर तिला कळलं असतं, आणि मला एवढंच वाटत होतं की वाटाणे सोलून होईपर्यंत तरी तिला कळू नये. हिरवे दाणे टपटप ताटलीत पडत होते. तो आवाजही तिचा नव्हता आता, फक्त माझा होता. किती दिवस आम्ही एकाच खोलीत दोन वेगळ्या घरांत राहत होतो! ती माझे हात बघत होती, भुवया, खांदे. कुठे थांबतो, कुठे पुढे झुकतो. हसण्याच्या जागा तिला ठाऊक होत्या. मी म्हणजे तिच्या दृष्टीने आवाज बंद केलेला चित्रपट झालो होतो, आणि ती न चुकता दाद देत होती. गोष्ट संपली. तिने वर पाहिलं, आणि चेहरा काही माझ्या ताब्यात नव्हता.

"कळलं ना?" ती म्हणाली.

"कधीपासून?" मी ओरडलो.

"ओरडू नका, मास्तर धावत येतील. समोर बसून सावकाश बोला, अर्धंमुर्धं लागतं." तिने फोलपटं गोळा केली. "तुम्ही तेल घालून आलात ना, तेव्हापासून. आधी सूर होता, मग सूर तेवढा राहिला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही तोंड मिटून बसला असता. घरात एक बहिरी नि एक मुका. आणि ती पोरगी माझं औषध कमी करायची." डॉक्टरीणबाईंना ती पोरगीच म्हणते. "मला पुन्हा त्या खुर्चीत नाही बसायचं हो. तुम्ही तेव्हा नुसते बघत होता. मी आत होते."

मी तिच्या कमरेकडे पाहिलं. बाहेरचा हूक लागला होता.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तराजू, खिडकी आणि हृदयाचं प्लास्टिकचं चित्र. वजन वाढलं होतं. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि त्याही खळगा भरून येण्याची वाट बघत राहिल्या. मला त्या एकदम घरच्या वाटल्या. मग विचारलं, "आजोबा, आजी गुडघ्यासाठी काही घेतात का?" घेत होती. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, पिवळी. माझ्या गुडघ्यांसाठीही तिने मला अर्धी दिली होती, तीच. "ती गोळी पाण्याच्या गोळीचा हात धरून ठेवते," त्या म्हणाल्या, "आणि मूत्रपिंडांनाही मारते. आजपासून बंद. आता आतडीही सुजली आहेत, तोंडाने दिलेलं अंगी लागायचं नाही. दाखल करून शिरेतूनच द्यावं लागेल." मग मी कानांचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मागच्या वेळी ती दोन औषधं जोडीने गेली, मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यात कानाच्या आतले बारीक केस जळाले असणार. गेलं ते परत येईलच असं नाही. आता जंतूंचं औषध नाही, आणि पाण्याचं आपण भसकन न देता थेंबाथेंबाने देऊ, त्याने धोका कमी होतो. पण मात्रा मोठी लागेल. उरलंय तेही जाऊ शकतं. हे त्यांनी माझ्याकडे न बघता तिच्याकडे तोंड करून, सावकाश, शब्द सुटे करत सांगितलं.

"दुसरं काही देता येत नाही का?" मी विचारलं. "कमी द्या. अर्धं द्या. थोडं पाणी राहू दे."

"थोडं राहत नाही ते, आजोबा. वाढतं."

ती आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. म्हणाली, "दे गं तू. यांच्या सगळ्या गोष्टी माझ्या पाठ आहेत, कान गेले तर काय बुडालं?" डॉक्टरीणबाई हसल्या, मग त्यांना हसल्याचं वाईट वाटलं. मी म्हणालो, मला विचार करू दे. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही कसला विचार करताय? श्वास माझा आहे."

वॉर्डातल्या खाटेला डोक्याकडून उचलायची दांडी होती. ती गंजलेली होती, मी तिला तेल दिलं, कुणी विचारलं नाही. परिचारिकेने शीर शोधली, बाटली टांगली, नळीतला हवेचा बुडबुडा टिचकीने काढला. "पाच मिनिटांनी सुरू करते," म्हणून ती दुसऱ्या खाटेकडे गेली. तेव्हा बायको मला म्हणाली, "बोला काहीतरी. न ऐकलेलं." मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, तो जरा बरा होता. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. आणि मला काही सुचलं नाही. मला! जो रांगेत, प्रेतयात्रेत, दात उपटताना गप्प बसला नाही. डोक्यात एकेक मजला उघडत गेलो. सगळीकडे तेच कारकून, तेच मालक, सगळं तिने ऐकलेलं, तिच्या मशीनवर बेतून शिवलेलं. खरं काहीतरी बोलावं असंही वाटलं, पण खऱ्याची मला सवय नाही. ते तोंडात आलं की मोठं वाटतं, गिळताही येत नाही. परिचारिका परत यायला लागली. मी म्हणालो, "आभाळ भरून आलंय." ती हसली, म्हणाली, "हो का?" आणि थेंब सुरू झाले. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यानंतरही दोन-तीन दिवस मी बोलतच होतो, कुठल्या वाक्यापाशी दार बंद झालं ते मला सांगता येणार नाही. पण तिच्यापर्यंत नक्की पोचलेलं शेवटचं वाक्य ते. हवेबद्दलचं. आणि तेही खोटं.

पाणी उतरलं. पोट उतरलं, मांड्या उतरल्या, घोटे वर आले. ती आडवी झोपली, एका उशीवर, तोंड मिटून. घरी आल्यावर मी एका दुपारी तिच्या श्वासाशी बसून राहिलो. आत येत होता, बाहेर जात होता, कुठे घासत नव्हता. इतकी सुरेख चाललेली यंत्रणा मी जन्मात ऐकली नव्हती, आणि ती माझी मेहरबानी नव्हती.

आणि मग ती बोलायला लागली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने मोठ्याने. मास्तर वरून म्हणतात, वहिनींचं आम्हालाही सगळं कळतं. मशीनवर बसून, पायटा मारत, खिडकीकडे तोंड करून. सगळ्या तिच्या शिवणाच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी. कुठे होत्या इतकी वर्षं, कोण जाणे; माझ्या गोष्टींमध्ये फट सापडली नसेल. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाची निघाली. राखाडी, लोकरीचा. तो माणूस दरवर्षी थंडीच्या तोंडावर तोच कोट घेऊन यायचा आणि म्हणायचा, थोडा आत घ्या. आजार होता काहीतरी, वाळत चालला होता. इतर कुणी असतं तर जास्तीचं कापड कापून टाकलं असतं, बगलेत बोचतं ते. हिने कधी कापलं नाही. सगळं आत दुमडून टाचून ठेवायची. "त्याला सांगायची, बरे झालात की सोडून देईन. मला कळत होतं हो. पण कात्री चालेना." एका वर्षी कोट आला तो त्याच्या बायकोच्या हातात. बरोबर मुलगा, खांद्याला रुंद. ती बाई म्हणाली, याला होईल का बघा. "मी बसले उसवायला. एकेका वर्षाची शिवण. बाप कसा बारीक होत गेला ते उलटं बघत होते मी, तो मोठा होत चालला होता माझ्या मांडीवर."

माझे हात थांबले. मी तिच्यासाठी पाणी मोजून ओतत होतो, दिवसाचं तेवढंच मिळतं तिला.

"बसला का?" मी विचारलं. "पोराला, कोट बसला का?"

ती खिडकीतून खाली बघत होती. लिहून विचारता आलं असतं. मास्तरांनी पाटी आणून दिली आहे, भिंतीशी उभी आहे. पण पाटीवरच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं. मला 'मग' हवा होता. त्या मेल्या पोराने कोट घातला, आरशात पाहिलं, आईकडे वळला, आणि मग? मी तिच्या पायट्याकडे बघत राहिलो. तो हळू झाला, थांबला. ती मशीनच्या कडेला धरून उठली. सकाळची गोळी, तिला कुणाच्या गोष्टीचं काही पडलेलं नसतं. आतलं दार लागलं. मी ग्लास हातात धरून बसून राहिलो, तिने सोडलं त्याच जागी, कोट अजून तिच्या मांडीवर, पोरगा उभा.

ती आली, बसली, सुईत दोरा ओवला, आणि एका जाड्या बाईच्या लग्नाच्या झग्याची गोष्ट सुरू केली.